दोन सूत

सट्टुप्पाच्या पायाचा अंगठा
गेल्या उन्हाळ्यात ओम्नीच्या गिअरबॉक्सखाली सापडला,
तेव्हाच मी म्हटलं होतं, गाडा करायचा.
चौघांनी दोर लावून, वेळूवर तोलून
इंजिन उतरवायचे दिवस गेले.
म्हटलं, आणि वर्षभर केला नाही.
गॅरेजात असंच,
लोकांच्या गाड्या आज, आपलं काम उद्या.

मग पाटी उतरली.
नव्या नियमाची नवी आली, फ्लेक्सची,
वर मोठं कन्नड, खाली बारीक आम्ही.
इरण्णा वेल्डरनं वाचून दाखवली
आणि म्हणाला, कन्नडमध्येसुद्धा तुमचं नाव चुकलंय की.
जुनी पत्र्याची होती,
मागं दीड इंची अँगलची चौकट,
मच्छ्याच्या खानापूर रोडवर एकोणीस पावसाळे खाऊन
अजून सरळ.
भंगारवाला हुसेनसाब काटा घेऊनच आला.
मी म्हटलं, पत्रा ने, एक तुकडा सोडून.
चौकट राहू दे.

उद्यमबागेत एक फौंड्री बंद पडली होती,
तिच्या ट्रॉलीची चाकं मिळाली चार,
दोन फिरणारी, दोन अडेलतट्टू,
बेअरिंगात काळी वाळू.
रात्रभर रॉकेलात ठेवली. सकाळी
डब्याच्या तळाला बोटभर कारखाना उरला होता.

खडूनं आखलं, अठ्ठावीस बाय अठरा.
इरण्णानं चार कोपऱ्यांना टाके मारले,
मी टेप धरली, कर्ण मोजले.
एक दोन सूत जास्त.
"नडीतैती री," तो म्हणाला, चालतंय,
"इंजिन काय लग्नाला जायचंय?"
मी म्हटलं, काप.
त्यानं चष्म्यावरून बघितलं,
मग ग्राइंडर उचलला.
दुसऱ्या खेपेला एक सूत राहिलं.
ते मी सोडलं. वीज गेली होती.

चेंबरचा पत्रा पातळ, त्याच्यावर भार द्यायचा नाही,
म्हणून दोन खूर केले, ट्रॅक्टरच्या टायरचं रबर ठोकून,
जिथं ब्लॉक जाड आहे तिथंच टेकणारे.
गिअरबॉक्स एका अंगाला लोंबतो,
त्याला वेगळा पाय, आटे पाडलेला,
फिरवला की वर, उलटा की खाली.
आटे गुलाब नदाफनं पाडले, त्याच्या लेथवर,
पैसे घेतले नाहीत.
माझी मारुती येईल तेव्हा बघू, म्हणाला,
आणि ती यायचीच आहे, मी तिचा आवाज ऐकलाय.

पहिल्या दिवशी फजिती.
गाडा आत गेला, इंजिन नीट बसलं,
बाहेर ओढताना दाराखालची पायरी आडवी आली.
सगळी मापं घेतली, एवढंच विसरलो,
की वर कुणी बसलं की गाड्याची उंची बदलते.
सट्टुप्पा हसला. अंगठ्यानंतर पहिल्यांदाच.
मग विटा, जॅक, लाकडाचे ठोकळे, परत जॅक,
बाळंतिणीची खाट उचलावी तशी ओम्नी उचलत गेलो.
इरण्णा जमिनीला गाल लावून बघत होता:
"निधान... निधान... साकु."
सट्टुप्पा म्हणतो, मला कन्नड येत नाही.
पण साकु म्हटल्यावर
जॅकवरचा त्याचा हात तिथंच थांबला.

आता एकटा माणूस इंजिन ढकलत नेतो
खिडकीखालच्या उजेडाला.
गाडा जरा डावीकडं ओढतो, ते राहिलेलं एक सूत.
फरशीच्या तिसऱ्या सांध्यात चाक अडतं,
तिथं टाच लावावी लागते.
आणि ढकलणारा सट्टुप्पा असला
तर पाय आधी मागं घेतो, उगीचच.

खाली तेल गळायला
पाटीचा तो ठेवलेला तुकडा बसवलाय.
संध्याकाळी भुसा टाकून पुसला
की काळ्याखालून वर येतो पिवळा म,
मंगाई गॅरेजमधला.
अनुस्वार होता तिथूनच भोक पाडावं लागलं,
दहा नंबरचा बोल्ट आहे आता त्या जागी.
वाचता येतं.