मोजणी

दुपारी तीनला बालमणी कोडम दुकानात आली.
बोटांना तेंदूच्या पानांचा वास,
पदरात रिकाम्या पट्ट्या.
काउंटरवर तिनं त्या रचल्या
विड्यांचे कट्टे रचावेत तशा, पंचवीस-पंचवीस.
"तुमच्याच ना ह्या?"
"बघावं लागेल," मी म्हटलं.
बघायचं काय होतं?
पट्टीच्या पाठीवर किंमत माझ्याच निळ्या पेनाची.

श्रीहरी कोडम. नीलम नगरात यंत्रमागावर, रात्रपाळी.
आधी फक्त खोकल्याचं औषध.
सूत छातीत जातं, खोकला येतो, खरंच येतो.
मग बाटली खोकल्याशिवाय लागायला लागली.
बाहुली राईच्या दाण्याएवढी झाली, अंधाऱ्या शेडमध्येही.
पोट दगड. अंगाला खाज.
आणि एक ऊब, तो सांगायचा,
नवी कोरी चादर घडी मोडून अंगावर घ्यावी तशी.
"पण शेठ, चादर रोज आखूड येतीय बे."
मी दोन बाटल्या दिल्या.

मग झोपेच्या गोळ्या.
घरी आला तरी कानात माग चालू, खटखट खटखट.
गोळीनं माग थांबायचा,
पण उठल्यावर दिवसाला भोकं पडलेली असायची:
हजार रुपये कुणाकडून उसने घेतले,
पोरीला शाळेतून आणलं की आणायचं राहिलं.
गड्ड्याच्या यात्रेत मी चार दिवस दुकान बंद ठेवलं.
तिसऱ्या दिवशी त्याचे हात थरथरले,
चौथ्या दिवशी तोंडाला फेस, दातखीळ.
गल्लीनं कांदा हुंगवला.
मला कुणी विचारलं नाही.
मीही सांगितलं नाही.

परीक्षेत हे मला तोंडपाठ होतं.
उत्तेजक आणि शामक, फरक स्पष्ट करा, पाच गुण.
एक गाडी पळवतं, एक ब्रेक लावतं.
दोन ब्रेक एकदम दाबले तर काय होतं,
हा प्रश्न आमच्या वर्षी आला नव्हता.

बालमणी म्हणाली, "झोपतो तो. खूप झोपतो.
पण श्वास मधेच राहतो.
मी मोजते, विडी वळता वळता.
आधी एका विडीत सहा-सात श्वास बसायचे.
आज दोनच बसले."

माझ्या हातातली कात्री खाली पडली.
"आत्ता कोण आहे त्याच्याजवळ?"
"पोरगी आहे की.
तिला मोजायला बसवलंय."

शटर अर्धं ओढून मी धावलो, रिक्षा थांबवली.
हलवून उठव, म्हटलं, कुशीवर वळव, सिव्हिलला चल,
पट्ट्या सोबत घे, बाटलीही घे,
डॉक्टरपासून काही लपवू नको.
ती पट्ट्या गोळा करत होती,
एकसुद्धा मागे राहू नये अशी.

माझं नाव तेवढं सांगू नको,
असं माझ्या तोंडात आलं होतं.
बाहेर पडलं का, आठवत नाही.

मी तर कुठलीच गोळी घेतली नव्हती.