खेप

मे सरत आला होता तेव्हा काम मिळालं.
चेस्टनट रस्त्यावर, सभागृहापुढे, माती टाकायची.
मी एनॉक प्रिडी. एक गाडी, एक घोडी,
घोडीचं नाव पेशन्स. दोघांचंही पोट हातावर,
म्हणजे माझ्या हातावर.
मुकादम म्हणाला, एकही दगड दिसता कामा नये.
आत मोठी माणसं बसलीत, देश मांडतायत,
चाकांचा खडखडाट त्यांच्या कानी जायला नको.

भिंतीला कान असतात हे ऐकून होतो.
रस्त्याचं तोंड दाबतात
हे त्या वर्षी कळलं.

खिडक्या बंद. फिलाडेल्फियाच्या उन्हाळ्यात!
निळ्या माश्या काचांवर आतून आपटायच्या,
आणि कधीतरी एखादा आवाज चढायचा, मग खुर्ची सरकायची,
मग नुसत्या माश्या.
मागच्या तुरुंगातून कैदी लांब काठ्यांना टोप्या बांधून
गजांतून बाहेर काढायचे,
नाणं टाकलं तर दुवा, नाही तर सात पिढ्यांना शिव्या.
त्यांच्या तोंडावर टाकायला माती
मुकादमाकडेही नव्हती.

अंगणात टायटस बसलेला असायचा.
कॅरोलायनाहून आलेल्या धन्याचा कोट झटकत,
धनी बाहेर येईपर्यंत. कधी पाच तास, कधी सात.
मी माती ओतायचो तेव्हा तो पेशन्सचा लगाम धरायचा.
तिच्या कानात काय सांगायचा कोण जाणे,
ती उभी राहायची, माझ्यापाशी कधी राहिली नाही तशी.

एका शनिवारी पाच खेपा टाकल्या.
मुकादमानं काठीवर तीनच खाचा पाडल्या.
म्हणाला, दोन अर्ध्यामुर्ध्या होत्या, धरत नाही.
मी त्याच्या दारात अंधार पडेपर्यंत उभा राहिलो,
त्याच्या बायकोसमोर त्याचा बाप काढला,
आणि पाचांचे पैसे घेऊनच हललो.
सोमवारी टायटसला सांगितलं.
हसला. म्हणाला, तुला दारात उभं तरी राहता येतं.

सप्टेंबरात कागद छापून आला.
छापखान्यातला पोरगा, लेम्युएल, बोटांची शाईही धुतली नव्हती,
गुत्त्यात बाकावर चढून वाचू लागला.
पहिलाच शब्द: आम्ही.
आम्ही लोक.
सगळे एकमेकांच्या जोड्यांकडे पाहू लागले.
मी माझे हात पाहिले.
खोटं का बोलू, छाती भरून आली.
माझी माती त्या शब्दाखाली होती.

मग पोरगा भरभर पुढे गेला, कुणाला किती जागा, माणसं कशी मोजायची,
मोकळी माणसं पुरी,
आणि इतर सगळ्यांच्या पाचांतले तीन.

थांब, म्हटलं. परत वाच.
त्यानं परत वाचलं.
इतर म्हणजे कोण?
त्यानं कागद पालथा केला, उलथा केला.
नाव लिहिलेलं नाही, म्हणाला.

माझ्या दोन खेपा मुकादमाच्या खिशात गेल्या होत्या,
त्या मी भांडून काढल्या.
टायटसचे दोन तर सोडाच,
धरले ते तीनही धन्याच्या खात्यावर.

त्याला हे सांगायला गेलो तर अंगण रिकामं.
सकाळीच गेले, झाडूवाली म्हणाली.
धनी आत, टायटस मागे पेटीवर.
मी पलीकडच्या गल्लीतच होतो तेव्हा, पेशन्सला पाणी पाजत.
काही ऐकू आलं नाही.
कसं येणार?
माती चांगली घट्ट बसली होती.

लेम्युएल म्हणतो, कागदाच्या पोटातच लिहून ठेवलंय
कागद कसा दुरुस्त करायचा ते.
बरं आहे. रस्ता करणाऱ्यालाही ठाऊक असतं,
पुन्हा खणावा लागणार.
मी एवढंच विचारलं, खाचा पाडणारा तोच राहणार का?
त्यानं शाईची बोटं विजारीला पुसली.

ऑक्टोबरच्या पावसात सगळी माती गटारात गेली.
मला कुणी परत बोलावलं नाही.
दगड उघडे पडले, आणि पहिल्या दिवशी
पेशन्स आपल्याच टापांना बिचकली.