आधी नळी

जोड झाल्यावर नळी आठवली
तर जोड कापावा लागतो.
खरं तर एवढंच सांगायचं होतं,
पण सोलापुरात एवढंच असं काही सांगता येत नाही,
मध्ये उन्हाळा येतो.

साखर पेठेत चिलवेरींचा कारखाना,
सोळा माग, दोन पंखे, त्यातला एक फिरणारा,
आणि मल्लेशम उस्ताद.
वायरीच्या जोडावर काळी टेप गुंडाळायचे,
दातांनी तोडायचे, अंगठ्याने दाबायचे.
मे महिन्यात टेपला घाम फुटतो,
गोंद पाझरतो, टोक सुटतं,
त्या चिकट टोकावर सुताची लव बसत जाते
आणि जोडाला दाढी येते.
उस्ताद न्हाव्याच्या नेमाने टेप बदलायचे.

मी आयटीआयची. पहिल्याच दिवशी पिशवीतून नळ्या काढल्या,
लाल, पिवळ्या, निळ्या, काळ्या.
"सापाच्या काती आणलीस काय बे?"

म्हणलं, हिचं माप असतं उस्ताद.
जोडाच्या सगळ्यात जाड जागेवरून ती सहज सरकली पाहिजे,
आणि आक्रसल्यावर तारेपेक्षा बारीक व्हायची तिची तयारी पाहिजे.
नाहीतर तापवत बसा, ती ढगळच,
थोरल्या भावाच्या सदऱ्यासारखी.
ही दोनास एक, सहाची तीन होते.
ही तीनास एक, सहाची दोन.
फुगवटा मोठा आणि तार किडकिडीत, तिथं ही.
आणि रंगखात्यात, जिथली फरशी कधी सुकत नाही,
तिथं आतून गोंदाची.
तापल्यावर दोन्ही टोकांना गोंदाचा मणी डोकावला
की समजायचं, पाणी बाहेरच राहिलं.
कापताना बोटभर जास्त धरा,
लांबीतही ती थोडी चोरते.

"शिंप्याची पोर काय तू?"
विड्या वळणारीची, म्हणलं.
आई पत्र्याचं माप ठेवून पान कापते,
एक रेषा चुकली तर शेकडा परत येतो.

उस्तादांनी काडेपेटी काढली.
हवेत लव तरंगत होती, उन्हाच्या पट्ट्यात दिसत होती.
मी त्यांचा हात धरला.
उस्तादांचा हात कुणी धरत नाही.
मनगटापासून कोपरापर्यंत कातडी चकचकीत,
हाडाला आवळून बसलेली.
मी विचारलं नाही. त्यांनी काडी पेटीत परत ठेवली.

मग गरम हवेची बंदूक, बाहेर ओट्यावर.
मधून सुरू करायचं, टोकांकडे जायचं,
आत अडकलेल्या हवेला वाट द्यायची.
फिरवत राहायचं. एका जागी रेंगाळलात की फोड.
ते बघत होते. काही म्हणाले नाहीत.
मागावरच्या माणसाने काही म्हटलं नाही
म्हणजे त्याला पटलं असं नाही, हे मला ठाऊक होतं.

अकरा नंबरच्या मागाची मोटर.
मेन पाडला, फ्यूज उस्तादांच्या खिशात.
त्यांनी डाग दिला, आणि काय दिला,
कथील तारेत असं उतरलं की
जोड कुठे सुरू होतो ते बोटालाच कळावं.
मग त्यांचा हात फळीवर गेला.
नळी तिथंच होती.
वायरीचं एक टोक मोटरीत, दुसरं भिंतीत,
आता ती ओवायची कुठून?

टेपचं भेंडोळं त्यांच्या खिशात होतं.
मी पंख्याकडे बघत राहिले, न फिरणाऱ्या.

कटरचा आवाज आला.

चाळीस वर्षांत स्वतःचा चांगला जोड
त्यांनी पहिल्यांदा कापला असावा.
नळी ओवली, आणि वीतभर लांब सरकवून ठेवली,
डागाच्या धगीने आधीच आक्रसू नये म्हणून.
हे मी सांगितलं नव्हतं.
हे सांगायचं माझ्याकडून राहिलं होतं.

"सुताचं बरं असतंय बे," खाली बघतच म्हणाले,
"तुटलं की गाठ मार.
गाठीला आधी काही ओवावं लागत नाही."

माग सुरू झाला. चादरीवरचा अर्धा मोर
पुढे सरकला, त्याला पाय आले.

ते भेंडोळं अजून त्यांच्या खिशात असतं.
दुपारी शेंगाचटणीच्या पुडीचं तोंड
त्याच टेपने चिकटवतात,
दातांनी तोडून, अंगठ्याने दाबून.