लाकडी पेरू

त्या वर्षी रेशमाचा भाव चढला
आणि वडगावात दिवाळीच्या तोंडावर माग थांबले.
गल्ली एवढी गप्प झाली
की पलीकडे निंगव्वा भाकरी थापायची
ते भिंतीतून मोजता यायचं.

आबा गोकाकला गेले, सावकाराकडे, हिशोबाला.
शेवटच्या बसनं परत आले.
हिशोब तिकडंच राहिला.
पिशवीला करदंटाचा वास होता,
आत करदंट नव्हतं.
कन्नड पेपरात गुंडाळलेला एक पेरू निघाला,
हिरवा, एका गालावर पिवळा,
देठाशी रंगवलेलं पान,
लाकडाचा.

तिघांत एक.
मालननं आधी दात लावला,
देठाखाली दोन बारीक खळगे पडले.
पुंडलिक म्हणाला, कापून वाटू या.
मी काहीच म्हणालो नाही.
मला तो रात्री उशाशी हवा होता.

लक्ष्मीपूजनाला पाच फळं लागतात.
आईकडं चार होती,
त्यातलं एक लिंबू.
तिनं पेरू पदरानं पुसला
आणि ताटात मधोमध ठेवला.
"देवीला कळणार नाही व्हय?" मी विचारलं.
"कळतंय की. न कळायला ती काय सावकार हाय?"

मग निंगव्वा आली हळदीकुंकवाला.
ओटी भरताना आईचा हात ताटावर फिरला,
फिरला,
आणि पेरूवर थांबला.
केळी आम्हाला उद्या लागणार होती.

(आम्ही ओटी म्हणायचो, निंगव्वा उडी.
पदर तोच, तांदूळ तेच.)

पदरात पडला तसा तिला कळला असणार.
खऱ्या पेरूला वजन असतं.
तिनं पदर जरा वर उचलला, आईकडं बघितलं,
"हगुर ऐती," म्हणाली हळूच,
आणि गाठ मारली.
मालन रडायच्या बेतात होती.
आईनं तिला डोळ्यांनीच दाबली.

पाडव्याला निंगव्वानं आईला बोलावलं.
आई परत आली तेव्हा ओटीत
खोबऱ्याची वाटी, खणाचा तुकडा,
आणि तो.
दाताच्या खुणेसकट.

पुढच्या दिवाळीला माग सुरू होते,
बाजारात पेरू चार आण्याला होते,
तरी आईनं फळीवरून तोच काढला.
पाडव्याला परत आला.
त्याच्या पुढच्याही वर्षी.
मधले बारा महिने तो आमचा,
मधले दोन दिवस भिंतीपलीकडचा.
त्या दोन दिवसांत आम्ही तिघं
काहीतरी विसरल्यासारखे घरभर फिरायचो.

भुईचक्रं आली नंतर, पुढं टीव्ही आला.
पुंडलिकनं पहिल्या पगारात मला घड्याळ घेतलं,
त्याचा पट्टा कसला होता, आठवत नाही.
पेरूचा रंग कुठं कुठं उडाला होता
ते मात्र सांगतो:
बुडाशी, आणि जिथं दोघींची बोटं
दर वर्षी लागायची तिथं.

आई गेली ती दिवाळी आणि पाडव्याच्या मधल्या दिवशी.
सुतकात कुणाची ओटी, कुणाची उडी.
निंगव्वा दारात बसून राहिली,
पेरूचं कुणी बोललं नाही.
मग तिला मुलानं हुबळ्ळीला नेलं,
भिंत पाडून तिथं तीन मजले झाले,
आणि आमचं एक देणं
किंवा घेणं
राहून गेलं. नक्की कोणतं, ते मालनलाही सांगता येत नाही.

नातवाला मी परवा रिमोटची गाडी घेतली.
त्यानं डबा उघडला, थँक्यू म्हणाला,
वाईट काही नाही त्यात.

फक्त खडेबाजारात फळवाल्यापाशी
मी अजून एकेक पेरू तळहातावर घेतो.
बाई म्हणते, "गोड हाईत ओ, बघू नका एवढं."
मी गोडी बघत नसतो.
प्रत्येक पेरू जड निघतो,
आणि मी तो परत ठेवतो.