डाग

उद्यमनगरात दुपारी तीनला वीज जाते,
शेजारचे लेथ थांबतात,
तेव्हा मला माझाच पॉलिशपेपर ऐकू येतो.
तीनशेवीस नंबर. रेषेबरोबर. उलटा कधीच नाही.

अक्षरं भाऊ कोरतो, म्हणजे मशीन कोरतं.
मशीन आलं त्या वर्षी आईचे डाग पतसंस्थेत गेले,
पाटल्या, बुगड्या, बोरमाळ.
बोरमाळ तेवढी परत आली.
मनगटावर पाटल्यांच्या जागी फिकट पट्टा राहिला होता,
तो उन्हानं भरायला दोन उन्हाळे लागले.

रंगाचं काम माझ्याकडे.
शिकवलं दस्तगीरचाचांनी, गंगावेशीतल्या बोळात,
चपडा रात्रभर स्पिरिटमध्ये भिजत घालून.
"आधी फळीला चपडा पाज, मग कोर, मग रंग भर.
नुसत्या लाकडावर रंग अक्षर सोडून पळतोय बघ,
दूध उतू गेल्यागत."
आणि चिंधी पिळताना, अजिबात न हसता,
"पोरी, डाग घालायचा असतोय. पाडायचा नसतोय."

तेव्हापासून मी बघत गेले.
शिरोरेषा लाकडाच्या रेषेबरोबर धावते, बेतानं पिते.
काना रेषा तोडत खाली उतरतो,
तहानलेला, कितीही पाजा, अजून मागतो.
एकाच शब्दाला म्हणून दोन हात लागतात,
एक ओला, एक जवळजवळ कोरडा.

हेर्लेकर बाईंची पाटी सागवानी, दीड फुटी,
कसबा बावड्यातल्या नव्या घरासाठी.
कोपऱ्यात दौत आणि बोरू पाहिजे म्हणाल्या.
दौत काळी करायला लेथवरचा लोखंडी कीस
आठवडाभर व्हिनेगरमध्ये ठेवला.
ते पाणी सागवानावर फिरवलं की आधी काहीच होत नाही.
मग चहा संपेस्तोवर शाई उमटते,
लाकडाच्या पोटातच होती अशी.

सगळं झालं, आणि पुसताना बोट थबकलं.
आशिर्वाद.
बाई बत्तीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त.

भाऊ म्हणाला, कोण बघतंय.
मी म्हटलं, त्याच.

रात्री पहिली वेलांटी बुजवली.
आतला रंग पटाशीनं खरवडला,
त्याच फळीचा भुसा चपड्यात कालवून
भरत गेले, थर वाळेपर्यंत पंखा बंद.
श आणि र्वा यांच्यामध्ये नख जाईल एवढीच जागा.
दुसरी वेलांटी हातानं कोरली, जरा सडपातळ,
डावीकडची कमान उजवीकडे नेली.
मग एका केसाच्या ब्रशनं
बुजवल्या जागी लाकडाच्या रेषा काढल्या,
जिथं आता लाकूड नव्हतंच.

बाई आल्या. चष्मा बदलला.
शब्द वाचलाच नाही,
आ आणि श यांच्यामधल्या मोकळ्या जागेवरून बोट फिरवलं.
"इथं काही होतं का गं?"
"ऱ्हस्व होती, बाई."
"लाल शाईनं खोडली नाहीस ते बरं केलंस,"
म्हणाल्या, आणि विचारलं, पन्नास कमी देऊ का.
मी नको म्हटलं. त्यांनी कमीच दिले.

एक गोष्ट मी सांगितली नव्हती.
सागवान उन्हात वर्षागणिक पिकत जातं,
भुसा मात्र तिथंच थांबतो, भरला त्या रात्रीच्या वयाचा.

परवा बावड्यात एका देव्हाऱ्याची मापं घ्यायला गेले,
वाटेत फाटकापाशी गाडी उभी केली.
तिरपं ऊन. दौत अजून काळीकुट्ट.
खरी वेलांटी ताठ,
आणि तिच्या अलीकडे, नीट बघितलं तरच,
ती पहिली, हळूहळू वर येणारी.

बाई पायरी झाडत होत्या. वर बघितलं,
पाटीकडे की माझ्याकडे, कळलं नाही.
"चहा टाकू?" म्हणाल्या.
माझ्या खिशात एका केसाचा ब्रश होता.
मी तो तसाच राहू दिला आणि आत गेले.