हौशाची मान

आधी हसलोच, खोटं कशाला बोलू.
अशोक चौकातला पानवाला म्हणाला,
"काय बे नरहरी, कुत्र्याला पण पाजतो का?"
आणि हौशा चालत होता तसाच,
पुढचे पाय पोलिसाचे,
मागचे कुणाचे तरी उसने,
वळणावर एकमेकांत अडकणारे.

साठ किलोचं ग्रेट डेन जनावर.
शेठनं कारखाना मोडला, हैदराबादला गेला.
माग भंगारात गेले,
कुत्रा माझ्याकडे आला,
राहिलेल्या पगारात धरला की काय, कोण जाणे.

चार महिने तिळाचं तेल चोळलं मागच्या पायांना.
बालमणी म्हणाली, सांधे धरलेत, आपल्यासारखेच.
एकदा त्यानं तिचं सूप लवंडलं,
आठशे विड्या वळून झालेल्या.
मी काठी उचलली.
तो पळाला नाही.
पळता येत नव्हतं त्याला,
हे मला काठी खाली आल्यावर कळलं.

हत्तुरे डॉक्टरीणबाईंनी
मागचा पंजा उचलून उलटा टेकवला फरशीवर
आणि नुसत्या थांबल्या.
हौशाही थांबला,
उलट्या पंजावर, शांत,
जसा तो पाय शेजाऱ्याचा.
मग नखं दाखवली, मधली दोन, झिजून बोथट.
रात्रीची ती खर्रखर्र
मी उंदरांच्या नावावर घालत होतो.

एक्स-रे उजेडाला धरला त्यांनी.
इथे, म्हणाल्या, मानेत,
मणक्यांच्या मधली वाट अरुंद झालीय.
आतली दोरी चेपते.
ती ह्या फोटोत दिसत नाही,
त्याला मोठं मशीन लागतं,
पण बाकी सगळं तिकडंच बोट दाखवतंय.
मोठ्या हाडाच्या कुत्र्यांत होतं असं.
दोष मानेत असतो, दिसतो पायांत.

एकोणतीस वर्षं जॉबर होतो मी.
चादरीवरच्या मोराचा पाय तुटका यायला लागला
की नवीन पोरगा धोटा तपासायचा, फणी तपासायचा,
सुताला शिव्या द्यायचा.
मी मान वर करायचो.
वर जेकार्ड, शेकडो दोऱ्या,
त्यातली एक कुठंतरी घासते, दबते,
आणि खाली, चार हात लांब, मोर लंगडतो.
एवढं मला येत होतं.
एवढं येत होतं
आणि मी तेल चोळत बसलो.

पट्ट्यानं झालं का हो, विचारलं.
नाही म्हणाल्या, हाडांचा घाटच तसा.
पण आता गळ्यात काही नको.
ऑपरेशनचा आकडा कागदावर लिहिला,
तोंडानं उच्चारला नाही, भली बाई.
कागद मी खिशात ठेवला.
तो शर्ट अजून धुवायला टाकलेला नाही.

गोळी सकाळी, भाकरीच्या तुकड्यात, तुपाशी.
जिना बंद, पळणं बंद, हिसका बंद.
बालमणीनं मागाच्या जुन्या पट्टीचा
छातीपट्टा शिवला, विडीच्या दोऱ्यानं नाही,
तो तुटतो म्हणाली, चांभाराच्या दोऱ्यानं.
ताटली आता कांड्यांच्या पेटीवर,
म्हणजे मान खाली घालायला नको.

आणि शहाबादी फरशी घसरते म्हणून
दारापासून मोरीपर्यंत चादरी अंथरल्यात,
कारखान्यातला डागी माल,
कुणी घेतला नव्हता.
एका पायाचे मोर, बिनचोचीचे मोर,
एक तर नुसताच पिसारा.

रात्री मी आवाज मोजतो.
काल खर्रखर्र एकदाच, उंबऱ्याजवळ.
आज दोनदा.
उद्याचं डॉक्टरीणबाईही सांगत नाहीत.
"इकडं रा," बालमणी म्हणते अर्धवट झोपेत,
अर्धं मराठी, अर्धं तेलुगू.
त्याला दोन्ही कळतं.
तो येतो.
मागचे पाय जरा मागून येतात.