शंभर शब्दांत

फॉर्मच्या सातव्या पानावर एक चौकोन होता:
नववीतील कमी गुणांचे कारण, शंभर शब्दांत.
मी लिहिलं, कौटुंबिक स्थलांतर.
अठ्ठ्याण्णव शब्द उरले.
ते इथं खर्च करते, थोडे उसने घेऊन.

फलटणच्या शाळेत मला त्वरण ठाऊक होतं,
संवेग, घनता, अपवर्तनाचे दोन्ही नियम.
सरांनी झोपाळू पोरावर खडू फेकला
की मी मनात त्याचा अंतिम वेग काढायचे.

मग बाबांनी आम्हाला सोहारला बोलावून घेतलं.
बंदरातली त्यांची क्रेन गच्चीवरून दिसायची,
क्रेनमधले बाबा दिसायचे नाहीत.
आणि शाळेच्या हजेरीपटावर
ज्ञानदा इंगवलेची झाली डायनाडा.
पहिल्या दिवशी मी ‘हजर’ म्हणाले.
वर्ग आठवडाभर हसत होता.

फिजिक्सला ऐंशीपैकी एकवीस.
मला उत्तर येत होतं, प्रश्नच कळत नव्हता,
असं मी आईला सांगितलं.
ती म्हणाली, अभ्यासात कसूर केली
की अशी वाक्यं बरी सुचतात.

शेजारच्या शम्सा बलुशीचं उलटंच.
तिची शाळा सरकारी, पुस्तक अरबी, उजवीकडून उघडणारं,
आणि बारावीनंतर सगळं इंग्रजीत शिकायचं
म्हणून ती तीन वर्षं आधीच घाबरलेली.
दोन गच्च्यांमध्ये कमरेएवढी भिंत.
जूनमध्ये ती मगरिबच्या बांगेनंतरही चटका द्यायची,
मग चटईची चौघडी घालून आम्ही तिच्यावर बसायचो.
तिचं इंग्रजी मोडकं, माझं त्याहून.
मी पाण्याच्या टाकीवरून लिंबू सोडायचे.
ती म्हणायची, तसारुअ.
मी म्हणायचे, त्वरण.
मग दोघी मिळून तिसरा शब्द शोधायचो,
लग्नघरात आपली चप्पल शोधावी तशा.

एकदा जडत्वापाशी आलो.
बस सुटली की आपण मागे पडतो ते.
मी उभी राहून, पडून दाखवलं.
शम्सा म्हणाली, हां, कुसूर.
मी म्हटलं, काय?
कुसूर. ज्याचा त्याच्या आतच असलेला.
कुणी ढकलत नाही तोवर
वस्तू आहे तशीच राहते, तो.

आईचा शब्द!
इथून किती शिडांच्या गलबतांत बसून गेला असेल,
कुठल्या बंदरात उतरला,
घाट चढून फलटणला कसा पोचला,
आणि वाटेत कधी
पोरींना बोलण्यासाठी वापरायला लागले त्याला?
शम्साच्या पुस्तकात त्याच्याखाली नुसती आकृती होती:
एक गाडी, आत मागे कललेला माणूस.
त्या माणसावर कुणी रागावलेलं नव्हतं.

दहावीबद्दल काही सांगण्यासारखं नाही, बरी गेली.
अकरावीत शीबा मॅडमनी माझी वही उचलली.
समासात हे काय?
इंग्रजीशेजारी देवनागरी, तिच्याशेजारी शम्साचं अक्षर.
देवनागरीवर बोट ठेवून त्यांनी हळूहळू वाचलं,
वाचता वाचता थांबल्या.
त्वरणम्, म्हणाल्या. आमच्याकडे त्वरणम्.
आणि पुढच्या बाकाकडे गेल्या.
त्या दिवसापासून मी वर्गात हात वर करू लागले.

पत्र गुरुवारी संध्याकाळी आलं.
कॉलेज चांगलं आहे, सगळेच म्हणतात.
शम्साला आवाजात निरोप पाठवला,
तिनं उलट पाठवलेल्या निरोपात
आधी नुसतं किंचाळणं, मग तिच्या आईचं विचारणं, काय झालं?
बाबांचा फोन शिफ्टमध्ये बंद.
म्हणून आम्ही गच्चीवर गेलो.
आईनं फॉर्मची प्रत सोबत आणली होती,
चष्मा पुसून ती सातव्या पानावर थांबली.
एवढी जागा रिकामी सोडलीस?
मी म्हटलं, तुझं नाव आलं असतं त्यात.
ती काही बोलली नाही.

लांब बंदरात क्रेनचा हात थांबला.
खाली लटकलेला कंटेनर
अजून थोडा पुढे गेला, मागे आला, पुढे गेला.
तो झुलायचा राहीपर्यंत
बाबा खाली ठेवणार नव्हते.
आम्ही दोघी बघत उभ्या राहिलो.